खाट क्रमांक दोनशे अकरा

देखरेखवाल्या बाईंनी ढमीच्या तोंडातून नोटीस ओढून काढली, तेव्हा तिचा खालचा कोपरा गेलेला होता. बाईंनी उरलेला कागद खिडकीच्या उजेडात धरला, झटकला आणि रुमालाने टिपला.

"शिक्का गेला," त्या म्हणाल्या. "पण सही आहे. सही असली की चालतं."

ढमीच्या आईने लेकीच्या तोंडात बोट घालून शिक्का शोधायचा प्रयत्न केला. ढमीला चार दात होते आणि ते कशासाठी असतात हे तिला नुकतंच कळलं होतं. आईने बोट पटकन मागे घेतलं.

"गिळला."

"काही होत नाही हो. आमच्याकडे पण एक आहे, दीड वर्षाचा. त्याने मागच्या महिन्यात एका माणसाचा जामीन खाल्ला." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "पुन्हा टाईप करावा लागला, बाकी काही नाही. दोघंही ठणठणीत आहेत."

कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "ते सगळं खरं, पण लिहिलंय काय त्यात?"

बाईंनी घसा साफ केला. "'प्रत्यावर्तन सूचना.'"

"म्हणजे?"

"म्हणजे परत या."

मटारची शेंग सासूबाईंच्या हातात अर्धी उघडून तशीच राहिली.

परत यायचं होतं ते त्यांच्या मुलाला. त्याला सगळे लंबू म्हणत, आणि त्याला पाहिल्यावर का म्हणतात असं कोणी विचारत नसे. लंबू वेल्डर होता. सोळा महिन्यांपूर्वी एका गृहस्थाने त्याला एका बंगल्याच्या खिडकीची जाळी कापायला नेलं. किल्ली हरवली आहे, घर आपलंच आहे, असं तो म्हणाला. घर त्याचं नव्हतं. गृहस्थ आतलं सामान घेऊन मागच्या दाराने पसार झाला. लंबू मात्र तिथेच राहिला, कारण कापलेली जाळी तशीच उघडी टाकून जाणं त्याच्या हाताला पटत नव्हतं. पोलीस आले तेव्हा तो जाळी परत जोडून सांधा घासून गुळगुळीत करत होता. कोर्टात न्यायाधीशांनी फोटो पाहून "सांधा कुठे आहे?" असं दोनदा विचारलं, आणि मग दोन वर्षं दिली.

त्यातले अकरा महिने भोगून झाल्यावर सरकारला देशाची प्रगती करायची हुक्की आली. प्रगतीला हात कमी पडत होते आणि हातात कसब असलेली बरीच माणसं गजांआड नुसती बसून होती. तेव्हा 'कुशल हात' नावाची योजना निघाली. कसबी कैद्याने बाहेर यावं, पूर्ण वेळ काम करावं आणि दर गुरुवारी अकरा वाजता देखरेख कार्यालयात तोंड दाखवून जावं. लंबू बाहेर आला तेव्हा ढमी तीन महिन्यांची होती. त्याला पाहून ती जी रडायला लागली ती दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. आता मात्र संध्याकाळी त्याच्या सायकलची घंटी वाजली की ती जमिनीवर पालथी पडल्या पडल्या पोहायला लागे.

"तीन गुरुवार गैरहजर," बाई म्हणाल्या.

"ओव्हरटाइम होता हो," ढमीची आई म्हणाली. "कारखान्यातून सोडतच नव्हते. सरकारी ऑर्डर आहे, तातडीची. दोनशे चाळीस लोखंडी खाटा."

"माहीत आहे मला. तुरुंगासाठी."

"मग?"

"योजनेतल्या बऱ्याच लोकांनी अटी मोडल्या. पेपरात बोंब झाली. आता कडक धोरण आहे, सगळ्यांना परत बोलवायचं. पण त्यांच्या जागा दुसऱ्यांनी घेतल्यात, झोपायला खाटा नाहीत. म्हणून तातडी."

सासूबाईंनी वाटी बाजूला ठेवली. "थांबा हं. तो तुमच्या खाटा करत होता म्हणून तुमच्याकडे आला नाही. आणि तुमच्याकडे आला नाही म्हणून आता त्याने त्या खाटेवर जाऊन झोपायचं?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "थोडक्यात सांगायचं तर हो."

"आणि विस्ताराने सांगायचं तर?"

"विस्ताराने सांगायचं तर चार पानं होतात, आजी. मी वाचलीत. शेवटी तिथेच येतात." बाईंनी नोटीस ढमीच्या आईच्या हातात दिली, ढमीच्या नाही. "खाटेशिवाय कोणाला ताब्यात घ्यायचं नाही असा नियम आहे. तेव्हा खाटा पोचेपर्यंत तुम्ही निवांत राहा. यांना दोनशे अकरा नंबर मिळालाय."

"किती दिवस ठेवतील?"

"शिक्षेतले उरलेत तेवढे. आठ महिने."

आठ महिने. म्हणजे ढमीचं आजवर जेवढं आयुष्य झालं तेवढंच अजून एकदा. ढमीच्या आईने लेकीकडे पाहिलं. शिक्का पचवून ती आता बाईंच्या बुटाची लेस बघत होती.

*

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. तिच्यात मालक, दोन रंगारी, तीन जोडारी आणि वेल्डर एकच. त्यामुळे दुपारी डबा घेऊन आलेल्या ढमीच्या आईने नोटीस पुढे केली, तेव्हा मालकांना खुर्चीच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

"असं कसं, वहिनी? लंबू गेला तर जोडणार कोण? मी?"

त्यांनी विकास खात्याच्या साहेबांना फोन लावला. विकास खातं आणि तुरुंग खातं एकाच इमारतीत होतं, वरखाली. मध्ये फक्त एक जिना होता, पण त्यावरून कोणी कधी उतरल्याचं ऐकिवात नव्हतं. साहेब फोनवर इतक्या मोठ्याने बोलत की मालक रिसीव्हर वीतभर लांब धरत.

"नेणार? त्याला? अहो, तो आमचा महिन्याचा कुशल हात आहे!"

ते खरं होतं. प्रमाणपत्र मालकांच्या डोक्यामागे भिंतीवर लावलेलं होतं. त्यावर लंबूचा फोटो होता, कपाळापासून खाली. वरचा भाग चौकटीत मावला नव्हता.

"दोनशे चाळीस खाटा आम्ही सहामाहीच्या आकड्यात धरल्यात," साहेब ओरडले. "मंत्र्यांच्या भाषणात आहेत त्या. एक खाट कमी झाली तर विकास कमी होईल. मी आत्ता पत्र पाठवतो."

पत्र तासाभरात आलं. 'सदर इसमास खाटांचे काम पूर्ण होईपर्यंत ताब्यात घेण्यात येऊ नये.'

"मिटलं!" मालकांनी टेबलावर थाप मारली.

"आणि पूर्ण झाल्यावर?" ढमीच्या आईने विचारलं.

मालकांनी पत्र पुन्हा वाचलं. मग उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

"काय आहे वहिनी," ते म्हणाले, "पत्र चांगलं आहे."

शेडच्या मागे नळाजवळ दोन उलटी डबडी होती, त्यांवर बसून नवरा-बायको जेवत. म्हणजे लंबू जेवे आणि ती बघे. ढमी त्याच्या नडगीवर बसे आणि तो पाय हलवून तिला झोका देई. इतकी लांब नडगी गावात दुसऱ्या कोणत्याच मुलीच्या वाट्याला आली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "जरा हळू करा ना काम."

"हळू म्हणजे?"

"म्हणजे सावकाश. हात आखडता घ्या. दिवसाला सहा खाटांच्या चौकटी करता ना, चार करा. खाटा होतच नाहीत म्हटल्यावर कोण कुठे नेणार तुम्हाला?"

लंबूने घास चावत बराच वेळ विचार केला. बायकोचं म्हणणं त्याला पटलेलं दिसलं. "बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच प्रयत्न केला. टाका घालण्याआधी तो थांबला, श्वास घेतला, नळावर जाऊन पाणी प्यायला, परत आला, सांध्याकडे पुन्हा पाहिलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"सात झाल्या."

"सात?"

"हळू केलं तर हात जास्त स्थिर राहतो. घासायला काही उरतच नाही." तो ओशाळून म्हणाला. "मला नाही जमत गं ते."

"मग वाईट करा! एखादा सांधा कच्चा ठेवा, एखादा पाय वाकडा लावा, की परत पाठवतील आणि पुन्हा करायला सांगतील."

लंबूने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने ढमीला वाटेत कुठेतरी ठेवून यायला सांगितलं होतं.

"कोणीतरी झोपणार आहे त्यावर," तो म्हणाला.

"तुम्हीच झोपणार आहात!" ती म्हणाली, आणि उठून आत गेली. बाहेर सासूबाई मुलाला म्हणताना तिला ऐकू आलं, "लहानपणी पाटीवर एक अक्षर वाकडं आलं तर अख्खी पाटी पुसायचास रे. तेव्हाच दोन धपाटे घालायला हवे होते."

*

खाटांचे पाय आणि उशाकडच्या चौकटी झाल्या. सोमवारपासून लांबीचे पाईप कापायचे होते. शनिवारी ती डबा घेऊन गेली तेव्हा लंबू फर्म्यावर काम करत होता. फर्मा म्हणजे एक लांब लोखंडी टेबल होतं. एका टोकाला कापायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला सरकवता येणारी एक खुंटी. पाईप टेबलावर ठेवायचा, खुंटीला टेकेपर्यंत ढकलायचा आणि कापायचा. खुंटी एकदा बसवली की चारशे ऐंशी तुकडे डोळे मिटून एका मापाचे.

"मग टेप हातात घ्यायचीच नाही," तो ढमीला समजावून सांगत होता. ढमी त्याच्या कानातून पेन्सिल काढायच्या खटपटीत होती. "सारखी टेप लावली की माणसाला शंका यायला लागतात. सगळा भरवसा खुंटीवर. ही हलली की सगळं हललं."

त्याने नकाशा पाहून माप घेतलं, खुंटी बसवली, पुन्हा माप घेतलं, नट आवळला. मग ढमीला आईकडे देऊन हात धुवायला नळावर गेला. त्याचं हात धुणं म्हणजे कोपरापर्यंत, साबणाने, नखांसकट. बराच वेळ चाले ते.

शेडमध्ये कोणी नव्हतं. रंगारी बाहेर जेवत होते. मालकांच्या खोलीतून साहेबांचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता.

ढमीची आई खुंटीसमोर उभी राहिली. पाना टेबलाच्या पेटीतच होता. त्या पान्याने नट सैल करायला तिला कमरेवरच्या ढमीला एका हाताने आवळून धरावं लागलं, आणि ढमीला वाटलं हा नवा खेळ आहे, ती खदखदून हसली.

"शू," आई म्हणाली. "शहाणी ना तू."

खुंटी सैल झाली. किती सरकवायची हे तिने ठरवलंच नव्हतं. आखूड केली तर लगेच कळेल, आखूड खाटा लंबूच्या डोळ्यांना टोचतील. लांब करायची. फार नाही. एवढीच, की दोनशे चाळीस खाटा तिकडे पोचाव्यात, तिकडच्या कोणीतरी टेप लावावी, नाक मुरडावं आणि म्हणावं, न्या परत, पुन्हा करा. म्हणजे अजून दोन महिने. दोन महिन्यांत ढमी उभी राहील. कदाचित चालेलसुद्धा.

मोजायला काही नव्हतं. तिने ढमीचा मोजा ओढून काढला, तिचं पाऊल खुंटीच्या खुणेशी टेकवलं आणि अंगठा जिथे संपला तिथपर्यंत खुंटी सरकवली. ढमीने गार लोखंड लागताच बोटं आखडली, मग पसरली. आईने पसरलेली धरली. मग एका हाताने, जमेल तसा, नट फिरवला. पाना पेटीत टाकला. नळाचा आवाज थांबला तेव्हा ती डबा उघडत होती.

लंबू जेवला. ढमीला नडगीवर झोके दिले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने खिशातून एक छोटा मोजा काढून खाटेवर ठेवला.

"पडला होता तिथे."

"नळापाशी असेल," ती घाईने म्हणाली.

"असेल."

मग तो ढमीजवळ मांडी घालून बसला. खिशातून टेप काढली आणि तिचं पाऊल हातात घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं.

"बूट आणणार आहेस की काय?" सासूबाईंनी विचारलं.

"हं," लंबू म्हणाला. त्याने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली आणि ढमी दचकून हसली. बूट काही त्याने आणले नाहीत.

*

कारखान्यात एक रीत होती. कोणत्याही मालाचा पहिला नग करणाऱ्याने स्वतः वापरून बघायचा. खुर्ची असेल तर बसायचं, शिडी असेल तर चढायचं. एकदा पिंजऱ्याची ऑर्डर होती तेव्हा मालक स्वतः आत शिरले होते आणि कडी बाहेरून लागली होती. पण ते जाऊ दे.

मंगळवारी ढमीची आई गेली तेव्हा पहिली खाट शेडच्या मधोमध होती आणि लंबू तिच्यावर उताणा झोपला होता. हात पोटावर, डोळे मिटलेले. रंगारी, जोडारी आणि मालक भोवती उभे होते. तो इतका शांत दिसत होता की ती दारातच थबकली.

मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. दोन्ही पाय खाटेच्या आत होते. घरच्या खाटेवर त्याचे घोटे बाहेर लोंबत. तुरुंगातून आला तेव्हा तिथल्या खाटेच्या दांडीने दोन्ही पोटऱ्यांवर काळे वळ उठलेले होते, अकरा महिन्यांचे. तिने रोज तेल चोळून ते घालवले होते.

"बोल ना बाबा," मालक म्हणाले. "कशी आहे?"

लंबूने डोळे उघडले. छताकडे पाहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त आडव्या पट्ट्या एकेक जास्त लागतील. फट राहतेय."

"घे की मग. साहेब म्हणालेत, लोखंड जास्त लागलं तर विकास जास्त."

घरी जाताना ती रस्ताभर तेच तेच घोळवत होती. त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यात ज्याचा एक सांधा चुकला नाही, तो आता दोनशे चाळीस खाटा चुकीच्या करणार होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. तिकडे त्या परत येतील तेव्हा मालक काय म्हणतील ते म्हणोत. पण भिंतीवरचं ते अर्ध्या कपाळाचं प्रमाणपत्र उतरवलं जाताना त्याचा चेहरा कसा होईल? पुढच्या काही आठवड्यांत तिने तीनदा तोंड उघडलं. एकदा ढमी रडली, एकदा सासूबाई आल्या, आणि तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणाला, "आज दोनशे अकरा झाली." आणि खुशीत हसला. "चांगली झालीय."

"तिच्यावर तरी नंबर घालायचा नव्हता," ती म्हणाली. मग तिने ताट वाढायला घेतलं.

खाटा मुदतीच्या चार दिवस आधीच पूर्ण झाल्या. विकासवाले साहेब हार घेऊन आले. त्यांनी तो आधी लंबूच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, मग स्टूल मागवलं, मग पहिल्या खाटेला घातला. ट्रक गेले. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि लंबूचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले. मग एकदम फोनकडे गेले. फोन वाजलेला नव्हता.

*

लंबूने घरातलं सगळं दुरुस्त केलं. गळता नळ, कुरकुरणारं दार, सासूबाईंची डुगडुगणारी खुर्ची. मग जे बिघडलेलं नव्हतं तेही उघडून पाहिलं. सासूबाईंनी पिशवी भरली: दोन कपडे, टॉवेल, साबण, स्वेटर. वर ढमीचा एक फोटो ठेवला, मग काढला, मग स्वेटरच्या आत लपवून ठेवला. खाटा परत आल्याची बातमी काही येत नव्हती. ढमीची आई दर थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन ट्रकचा कानोसा घेई.

गुरुवारी ट्रक नाही, देखरेखवाल्या बाई आल्या. चालत, धापा टाकत. काखेत फाईल. खुर्चीत बसून आधी पाणी मागितलं.

"पिशवी तयार आहे," लंबू म्हणाला आणि उठून उभा राहिला.

"बसा हो तुम्ही. उभे राहिलात की मला मान दुखते." बाईंनी पाणी संपवलं. "घोळ झालाय. एका खोलीत सहा खाटा बसवायच्या होत्या. भिंतीला धरून एकापुढे एक, या बाजूला तीन, त्या बाजूला तीन. नकाशात अगदी चपखल बसतात. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंची तिसरी खाट दाराच्या आड येते. दार आतल्या बाजूला उघडतं. म्हणजे उघडतच नाही."

ढमीच्या आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"टेप लावली, तर प्रत्येक खाट चार बोटं लांब! तुरुंगवाले भडकले. म्हणाले, सगळा माल परत घ्या."

"मग?" ती पुढे सरकली.

"मग विकासवाले जिना उतरून खाली आले. पहिल्यांदाच. म्हणाले, परत कशा घ्यायच्या? खाटा आकड्यात गेल्यात, मंत्र्यांचं भाषण झालंय, टाळ्या पडल्यात. परत घेतल्या तर वाढलेला विकास कमी होईल. दोन दिवस भांडले. शेवटी ठरलं की खाटा बरोबर आहेत."

"बरोबर आहेत?" सासूबाई म्हणाल्या.

"खोल्या लहान आहेत. नवी इमारत बांधायची ठरलीय, मोठ्या खोल्यांची. तोवर सहाऐवजी चार खाटा. चाळीस खोल्या, एकशे साठ माणसं. तेवढ्यांनाच परत घेणार." बाईंनी फाईल उघडून बोट ठेवलं. "तुम्ही दोनशे अकरा. तुम्ही प्रतीक्षेत."

"आणि इमारत कधी होणार?"

"सरकारी आहे, आजी. वर्ष दीड वर्ष तरी. यांची शिक्षा त्याच्या कितीतरी आधी संपते."

 ढमी बाईंच्या लेसपाशी पोचली होती आणि तिने कामाला सुरुवात केली.

"उरलेल्या ऐंशी खाटा," बाई उसासा टाकून म्हणाल्या, "ठेवायला जागा नाही म्हणून आमच्या कार्यालयात आणून टाकल्यात. मला टेबलापर्यंत खाटांवरून चढून जावं लागतं. दोनशे अकरा माझ्या खुर्चीला लागूनच आहे. तेव्हा गुरुवारी याल तेव्हा तिच्यावरच बसा. जेवणाच्या सुट्टीत या, मालकांना मी सांगितलंय. आणि चुकवू नका हं." त्या उठल्या, दारात थबकल्या. "खरं सांगू का? दुपारी मी जरा पडते तिच्यावर. आमचा तो झोपू देत नाही ना घरी. छान आहे हो. पाय पसरता येतात."

त्या गेल्यावर सासूबाईंनी पिशवीतून स्वेटर काढला, त्यातला फोटो काढला, आणि कोणी बघत नाही असं समजून डोळे पुसले. मग फणकाऱ्याने म्हणाल्या, "सरकारला साधं माप कळत नाही!" आणि मटार आणायला बाहेर पडल्या.

ढमीची आई पिशवीतले कपडे परत घडी करत बसली. घडी केलेल्या कपड्यांची पुन्हा घडी. लंबू ढमीला नडगीवर बसवून झोके देत होता.

"मालकांचा निरोप होता सकाळी," तो म्हणाला. "नव्या इमारतीची दारं आपल्याकडे आलीत. ऐंशी. लोखंडी."

"दारं?"

"हं. उद्या फर्मा लावायचाय."

तिने मान वर केली नाही. तो ढमीच्या पायातून सुटलेला मोजा नीट ओढून बसवत होता, फार लक्ष देऊन, जसा तो सगळंच करी.

"नट एका हाताने आवळून भागत नाही," तो मोज्याकडे बघत म्हणाला. "पाना टेकवून जोर द्यावा लागतो. मला पुन्हा आवळावा लागला तो."

घडी तिच्या हातून सुटली.

"डबा घेऊन येशील ना उद्या?" लंबूने विचारलं. "मी हात धुवायला जातो त्याच वेळेला ये."

त्याने ढमीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि तो सायकलची घंटी तपासायला बाहेर गेला. घंटी चांगली वाजत होती. त्याने ती बराच वेळ वाजवून पाहिली, आणि ढमी मांडीवरच पोहायला लागली. आईने तिला धरलं, मोजा पुन्हा काढला आणि ते पाऊल तळहातावर घेतलं. एवढ्या दिवसांत ते थोडं वाढलं होतं.